उंच बॉनेट: भारतीय जीपच्या बदललेल्या इंजिनांची कहाणी

युद्धपटांत दिसणारी अमेरिकन जीप आणि आपल्याकडे गावोगावी फिरलेली जुनी जीप शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर एक फरक कोणाच्याही नजरेत भरतो. पहिलीचे बॉनेट ठेंगणे आणि सपाट असते. दुसरीचे बॉनेट पेटीसारखे वर उचललेले असते आणि दिव्यांच्या वर कपाळाची रुंद पट्टी मोकळी सुटलेली दिसते. हे बॉनेट उंच झाले ते एका इंजिनबदलामुळे. जुन्या जीपमध्ये घरच्या अंगणात दुसरे इंजिन बसवण्याचा जो उद्योग पुण्यात आणि महाराष्ट्रभर अनेक दशके चालत आला, त्याची सुरुवात म्हणूनच थेट कारखान्यात शोधावी लागते. (थ्रेड)

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. प्रत्यक्ष पुढे आल्या दोनच: अमेरिकन बॅंटम आणि विलीज-ओव्हरलँड. बॅंटमने पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लष्कराच्या हाती दिला. तो आटोपशीर होता, पण त्याचे इंजिन होते जेमतेम ४५ अश्वशक्तीचे. विलीजच्या हाती ‘गो-डेव्हिल’ हे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. अडचण एवढीच की गाडी लष्कराच्या वजनमर्यादेत बसत नव्हती.

विलीजचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांच्यापुढे दोन मार्ग होते. हलके इंजिन घ्यायचे, किंवा इंजिन तेच ठेवून बाकी सगळ्या गाडीची छाटणी करायची. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. बोल्टांची नटाबाहेर डोकावणारी टोके कापली, पत्रा पातळ केला, रंगाचा एकच हात दिला आणि काटा मर्यादेखाली आणला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्या या इंजिनाभोवती.

युद्धानंतर विलीजने याच इंजिनाची पुढची आवृत्ती काढली: ‘हरिकेन’. आकारमान तेच, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २,२०० सीसी. गो-डेव्हिलमध्ये दोन्ही झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या शेजारी ठोकळ्यातच बसत. हरिकेनमध्ये हवा आत घेणारी झडप वर, हेडमध्ये नेली. श्वास मोकळा झाला, ताकद ७० अश्वशक्तीच्या पुढे गेली. पण हेडची उंची वाढली आणि इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना. नवीन सांगाडा आखण्याऐवजी विलीजने सोपा उपाय केला: बाकी गाडी तशीच ठेवून बॉनेट आणि समोरची जाळी उंच केली. १९५३ मध्ये बाजारात आलेली ही गाडी म्हणजे सीजे-३बी. अमेरिकेत तिच्या रूपाला फारसे कोणी वाखाणले नाही आणि १९६८ पर्यंत तिथले उत्पादन थांबलेही. भारतात मात्र तिने मुळे धरली. आपण ज्या चेहऱ्याला ‘जीप’ म्हणून ओळखतो, तो चेहरा म्हणजे एका इंजिनबदलाची खूण आहे.

भारतात जीप आली दोन वाटांनी. एक वाट युद्धाची. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेला अमेरिकी आणि ब्रिटिश सरंजाम युद्ध संपल्यावर मागे राहिला आणि ‘डिस्पोजल’ या नावाखाली लिलावात विकला गेला. मराठीत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या काळाचा. दुसरी वाट मुंबईच्या माझगावची. महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने विलीजचे सुटे भाग आणून १९४९ मध्ये तिथे जीप जोडण्यास सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात जोडणीकडून उत्पादनाकडे मजल मारली.

तिसरीही एक वाट होती, पण ती लवकरच बुजली. १९४८ मध्ये लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपची मागणी नोंदवली. त्यांपैकी १५५ जीप भारतात पोचल्या आणि त्या कामाच्या नाहीत असे आढळले. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला संरक्षण खरेदीचा वाद तो हाच. त्याच्या राजकारणात इथे शिरायचे कारण नाही. मात्र जुन्या जीपचा खरा प्रश्न तिच्या इंजिनाचा असतो, हे देशाला तेव्हाच कळले असे म्हणता येईल.

१९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि जीप सरकारी वाहन म्हणून खेड्यात शिरली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण जीवनातले ओळखीचे दृश्य झाले. ती दारात आली की काहीतरी तपासणी आहे, असे मास्तरांपासून ग्रामसेवकांपर्यंत सर्वांना समजे. अशा गाड्यांचे ठरलेले आयुष्य संपले की त्यांचे ‘निर्लेखन’ होई. सरकारी दफ्तरातला हा सुंदर शब्द. अर्थ एवढाच की वस्तू नोंदवहीतून पुसली गेली. मग लिलाव होई आणि गाडी खाजगी मालकाकडे जाई. कागदावर पुसलेल्या गाडीचे दुसरे आयुष्य तिथे सुरू होई.

त्या दुसऱ्या आयुष्यात पहिला अडथळा होता पेट्रोलचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा जागतिक भाव पिंपाला सुमारे तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. भारतात पेट्रोलचे दर इतके वाढले की १२ नोव्हेंबर १९७३ रोजी अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. डिझेल मात्र शेती, मालवाहतूक आणि एसटीचे इंधन असल्यामुळे सरकारने ते स्वस्त ठेवले. या दरीतच इंजिनबदलाचा जन्म आहे. हरिकेन इंजिन भरवशाचे होते, पण तहानलेले होते. लिलावात जीप घेणाऱ्या सामान्य मालकाला ती पेट्रोलवर पोसणे अशक्य होते. गाडी मोडीत काढायची की तिचे काळीज बदलायचे, हा त्याच्यापुढचा साधा सवाल होता.

मार्ग दाखवला तो पुन्हा कारखान्यानेच. महिंद्र समूहाचा ट्रॅक्टरचा उद्योग १९६३ मध्ये अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या भागीदारीत सुरू झाला होता. बी-२७५ हा त्यांचा ट्रॅक्टर मूळचा ब्रिटिश आराखड्याचा आणि डिझेलवर चालणारा. १९७० च्या दशकात महिंद्रने याच घराण्याचे इंजिन जीपमध्ये बसवून डिझेल जीप बाजारात आणली. शेतातले इंजिन रस्त्यावर आले.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडेल असा एक पुरावा सांगण्यासारखा आहे. पुढच्या पिढीतल्या महिंद्रच्या जीप आणि बोलेरोसारख्या गाड्यांत जे ‘डीआय’ इंजिन आले, त्याच्या सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १०१.६ मिलिमीटर आहे. दशमान पद्धतीत विचार करणारा कोणताही अभियंता असे विचित्र आकडे निवडणार नाही. ते इंचांत करून पाहा: बरोबर साडेतीन इंच आणि बरोबर चार इंच. इंटरनॅशनलच्या ब्रिटिश ट्रॅक्टर इंजिनांपैकी १५४ घनइंची इंजिनाची मापे हीच. कंपनी बदलली, देश बदलला, मोजमापाची पद्धत बदलली, पण ओतीव लोखंडाने आपले मूळ गाव सांगायचे सोडले नाही. २,५२३ सीसी हा आकडा म्हणजे त्या वंशाचे आडनाव आहे.

दुसरे घराणे फ्रेंच. १९७९ च्या सुमारास महिंद्रने प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन घेतले. नावातच त्याची कुंडली आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. आकारमान २,११२ सीसी. ट्रॅक्टरच्या इंजिनापेक्षा ते गुळगुळीत चाले आणि जास्त फेऱ्या घेई. जुन्या चालकांच्या तोंडी ते ‘प्यूजो’ म्हणूनच राहिले. एमएम ५४० या गाडीची ओळख तेच इंजिन.

तिसरे घराणे पुण्याच्या अगदी दाराशी होते. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या २.४ लिटर डिझेल इंजिनाचे उत्पादन परवान्याने सुरू केले. जर्मनीत हे इंजिन १९७३ पासून मर्सिडीज २४० डी या मोटारीत होते. टॅक्सीचालकांची ती लाडकी गाडी. आकुर्डीत ते टेम्पोच्या गाड्यांत बसू लागले आणि मोडीत निघालेल्या गाड्यांतून हळूहळू जुन्या बाजारात उतरले. ज्या कंपनीच्या नावाने ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत सामान्यनाम झाला, तिच्या इंजिनांनी कित्येक जीप आणि अॅम्बॅसडर गाड्यांना दुसरा जन्म दिला.

खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही १९४६ ची कंपनी या यादीत का नाही, असा प्रश्न कोणाला पडेल. तिची विहिरीवरची इंजिने एका जागी उभी राहून पाणी उपसण्यासाठी होती. एका ठरावीक गतीने दिवसभर चालणे हे त्यांचे काम. जीपला सतत गती बदलणारे इंजिन लागते. पण किर्लोस्करांचे ऋण वेगळ्या जागी आहे. डिझेल इंजिन खोलणारा, त्याचा पंप आणि नोझल समजणारा माणूस पश्चिम महाराष्ट्रात गावागावांत तयार झाला, तो या विहिरीवरच्या इंजिनांमुळे.

पुण्यात हा उद्योग का रुजला, याचे उत्तर शहराच्या भूगोलात आहे. खडकी आणि देहूरोडला लष्कराचे डेपो आणि कार्यशाळा. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड आणि भोसरीला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो छोटी शेड तिथे आली. नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने, मंगळवार पेठेत जुना बाजार. एका टोकाला इंजिन मिळे, दुसऱ्या टोकाला ते बसवण्यासाठी लागणारी चकती कातून देणारा टर्नर मिळे, आणि मधल्या पेठांत बेअरिंगपासून क्लच प्लेटपर्यंत सर्व काही. कारखान्यात पाळीवर मापात काम करायला शिकलेला हात सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दारातल्या गाडीवर चाले. या इतिहासात मोठी नावे नाहीत, आणि त्याचे दफ्तरही नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. ‘इंजिन बदलले’ हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. एका गाडीसाठी आखलेले इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणे म्हणजे दोन वेगळ्या अभियंत्यांच्या, बहुधा दोन वेगळ्या देशांतल्या, निर्णयांचा सांधा जुळवणे.

आधी जुने इंजिन उतरवायचे. अंगणात तीन पायांची घोडी उभी करून किंवा भक्कम तुळईला चेन पुली टांगून इंजिन सरळ वर उचलले जाते. जीपची रचना इथे साथ देते: बॉनेट आणि जाळी निघाली की समोरचा भाग उघडा पडतो. लष्कराने गाडी रणांगणावर दुरुस्त व्हावी म्हणून केलेली ही सोय पुण्याच्या अंगणात कामी आली.

मग येतो खरा कस: इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा जोड. विलीजचा तीन गतींचा गिअरबॉक्स फ्रेंच किंवा जर्मन इंजिनाच्या पाठीवर बसत नाही; बोल्टांची भोके जुळत नाहीत. म्हणून मध्ये जाड पोलादी चकती घालतात. तिच्या एका बाजूची भोके इंजिनाशी जुळणारी, दुसऱ्या बाजूची गिअरबॉक्सशी. ऐकायला हे सुतारकाम वाटते. पण गिअरबॉक्सच्या दांड्याचे पुढचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या एका छोट्या बुशमध्ये फिरत असते. दोन्ही केंद्रे एका रेषेत नसतील, केसाच्या जाडीइतकीही चुकली असतील, तर दांडा प्रत्येक फेरीला किंचित वाकतो. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी बुश घासते, क्लच थरथरतो, गिअर आपोआप सुटू लागतात आणि शेवटी बेअरिंग जाते. चांगला कारागीर चकती बसवल्यावर डायल गेज लावून केंद्र तपासतो. घाईतला कारागीर बोल्ट आवळून मोकळा होतो. जुन्या इंजिनबदलाच्या गाड्यांची बदनामी झाली ती बहुतांशी या एका तपासणीच्या अभावी.

पुढे ‘फाउंडेशन’, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसते ते. जुने आधार कापून नवे वेल्ड करावे लागतात. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा जास्त दाबावर चालते: गो-डेव्हिलमध्ये हवेचे आकुंचन साडेसहा पट, तर प्यूजोसारख्या डिझेलमध्ये वीस पटींच्या पुढे. तो धक्का सोसण्यासाठी डिझेलचे ओतीव लोखंड जाड असते आणि प्रत्येक ठोक्याचा हादरा चौकटीपर्यंत पोचतो. रबर कमी पडले तर आरसे, दिवे, पत्रे, प्रवाशांचे दात, सगळेच वाजते. वाढलेल्या वजनाने पुढचे पाटे बसतात. मग एखादा पाटा वाढवायचा. इंजिनाची तेलाची टाकी खाली पुढच्या आसाच्या गोळ्याला भिडत नाही ना, पंखा रेडिएटरला घासत नाही ना, स्टिअरिंगचा दांडा वाटेत येत नाही ना, हे सगळे गाडी खड्ड्यात आपटल्यावर कळण्याआधी पाहावे लागते.

आणि इतके करूनही एक गोष्ट राहते, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही: वेग. सीजे जीपच्या आसातील क्राऊन-पिनियनचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाने ५.३८ वेळा फिरायचे. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर मिनिटाला ४,००० फेऱ्या घेणारे पेट्रोल इंजिन वरच्या गिअरमध्ये जीपला ताशी ९८ किलोमीटरपर्यंत नेऊ शकते. त्याच जागी २,३०० फेऱ्यांवर थांबणारे ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन बसवले, तर तीच जीप ५६ वर अडकते. इंजिन बदलले, पण गाडी बैलाच्या चालीची झाली. म्हणून जाणकार मालक इंजिनाबरोबर क्राऊन-पिनियनही बदलत किंवा चार-पाच गतींचा गिअरबॉक्स इंजिनासकट उचलून आणत. मग प्रॉपेलर शाफ्ट आखूड करणे आले, तो संतुलित करणे आले. एक बदल दुसऱ्याला बोलावतो.

या साऱ्या खटपटीचा मोबदला मात्र मोठा होता. डिझेल जीप परवडू लागली आणि एसटी न पोचणाऱ्या वाटांवर प्रवासी वाहतूक उभी राहिली. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तिला ‘वडाप’ म्हणतात, इतरत्र ‘काळी-पिवळी’. आठवड्याच्या बाजाराला जाणारी माणसे, शेळ्या, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरे, सगळे एका जीपमध्ये. कायद्याच्या दृष्टीने त्यात बरेच काही आक्षेपार्ह होते आणि माणसे कोंबण्यात धोकाही होता. पण ग्रामीण महाराष्ट्राच्या प्रवासाचा इतिहास लिहायचा, तर एसटीच्या शेजारी या जीपला जागा द्यावीच लागेल.

दफ्तर नसलेल्या या इतिहासाची साधने म्हणजे गाड्या स्वतःच. एखाद्या जुन्या जीपवर नाणेशास्त्रातल्या नाण्यासारखी नजर टाकली, तर ती पुष्कळ बोलते. चालकाच्या आसनाखालची टाकी पाहावी. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल जीपला टाकीतून इंधन नेणारी एकच नळी पुरते. डिझेल पंपाला आणि नोझलला उरलेले इंधन परत पाठवणारी दुसरी नळी लागते. टाकीवर मागाहून पाडलेले दुसरे भोक दिसले, तर गाडी जन्माने पेट्रोलची. डॅशबोर्डवर ओढून इंजिन बंद करण्याची दोरी असेल, तर जुन्या पद्धतीचा डिझेल पंप आला. ‘हीटर’ देण्याचे बटण असेल, तर इंजिन प्यूजो किंवा मर्सिडीजच्या जातीचे, कारण अशा इंजिनांना थंडीत सुरू होण्यापूर्वी ग्लो प्लग तापवावे लागतात. ट्रॅक्टरवंशीय डीआयला त्याची गरज सहसा पडत नाही. चौकटीवर वापराविना राहिलेली भोके म्हणजे पहिल्या इंजिनाचे आधार. आणि त्यांच्या शेजारी वेल्डिंगचे दोन थर असतील, तर इंजिन एकदा नव्हे, दोनदा बदलले आहे.

यानंतर कायद्याचा भाग येतो, आणि आज या गाड्यांचे भवितव्य तिथेच अडकले आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात आणि १९८८ च्या कायद्याच्या मूळ कलम ५२ मध्ये भूमिका नोंदीची होती. गाडीत बदल केल्याने आरसी बुकातील तपशील चुकीचा ठरणार असेल, तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि मंजुरी घ्यावी. पुण्यात त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओची पायरी चढायची, इंजिनाच्या खरेदीची पावती दाखवायची, नव्या क्रमांकाची नोंद करून घ्यायची. पावतीचा आग्रह निरर्थक नव्हता. चोरीच्या गाड्यांची इंजिने याच बाजारातून फिरण्याची भीती असे. पण नोंद करणाऱ्याला वाट होती.

२००० च्या दुरुस्तीने कलम ५२ चा रोख बदलला. निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे शब्द आले. मोजमापाचा बिंदू आरसी बुकाकडून कारखान्याच्या आराखड्याकडे सरकला. त्याच जातीचे आणि बनावटीचे इंजिन बदलण्याची सोय राहिली. दहा किंवा अधिक वाहतूक वाहने बाळगणाऱ्यांना तर राज्य शासन त्यासाठी पूर्वमंजुरीतूनही मोकळीक देऊ शकते, बदलानंतर चौदा दिवसांत कळवण्याच्या अटीवर. एसटीसारख्या मोठ्या ताफ्यात दुरुस्त इंजिन चढवून गाडी लगेच मार्गावर पाठवली जाते, त्यामागची गरज या तरतुदीत ओळखता येते. पण विलीजमध्ये मर्सिडीजचे इंजिन घालणाऱ्या एकट्या मालकासाठी दार जवळपास मिटले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली.

या कडकपणाला कारणे आहेत. ब्रेक जुन्या वजनाचे आणि ताकद नव्या इंजिनाची असलेली गाडी घाटात किती घातक ठरते, हे सांगायला तज्ज्ञ नको. धुराचे निकषही इंजिनागणिक ठरतात. वेताळ टेकडीवरची एआरएआय किंवा अहिल्यानगरची (पूर्वीचे अहमदनगर) व्हीआरडीई अशा संस्थांत गाडीचा नमुना तपासला जातो तो संपूर्ण गाडी म्हणून, आणि अंगणातला कारागीर कितीही कुशल असला तरी ती तपासणी त्याच्या आवाक्यातली नाही.

मात्र इतिहासाच्या बाजूने एक पेच उरतोच. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने प्रथमच ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. आणि अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा.

विलायती मोटारींच्या संग्राहकांसाठी ही व्याख्या वाजवी आहे. संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी तिच्यात सहज बसते. जीपचे तसे नाही. १९५५ ची जी जीप पेट्रोल इंजिनासकट तशीच राहिली, ती १९७३ नंतर कोणाला परवडली नाही आणि बहुधा भंगारात गेली. जी डिझेलवर आली, ती शेतात, वडापात, निवडणुकीच्या प्रचारात राबत राहिली आणि म्हणूनच आज मुळशी-लोणावळ्याच्या चिखलात चालवायला शिल्लक आहे. जगण्यासाठी केलेला बदलच तिला वारशाच्या यादीतून बाहेर ठेवतो. मग काही मालक उलटा प्रवास करतात: चांगले चालणारे डिझेल इंजिन उतरवून दुर्मीळ हरिकेन शोधतात, टाकीवरचे दुसरे भोक बुजवतात, वेल्डिंग घासून काढतात. कागदाच्या दृष्टीने त्यातून अस्सल गाडी तयार होते. पन्नास वर्षांच्या खुणा मात्र कानसेखाली जातात, आणि ज्याला या गाड्यांचा इतिहास वाचायचा आहे, त्याच्या हातची पाने तेवढी कमी होतात.

सध्याच्या कलम ५२ मध्ये एक परंतुक आहे. मान्यताप्राप्त संच बसवून गाडी वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर नेण्यास ते अटींसह परवानगी देते: सीएनजी, एलपीजी, सौरऊर्जा, बॅटरी. म्हणजे १९५५ च्या विलीजमधून इंजिन संपूर्ण काढून तिथे विजेची मोटर बसवण्याचा मार्ग कायद्याला मान्य आहे; आकुर्डीचे डिझेल इंजिन तिथे बसवण्याचा मार्ग मान्य नाही. आणि ज्या जीपमध्ये ते इंजिन २००० पूर्वीच बसले, रीतसर पावती देऊन नोंदले गेले, त्यांच्या जुन्या आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून शेजारी हाताने ‘डिझेल’ लिहिलेले असते, खाली शिक्का आणि सही. या उद्योगाचा सरकारी दफ्तरात उरलेला लेखी पुरावा बहुतेक एवढाच.